निर्दोष सुटल्यावर

मुर्धा, भाईंदर पश्चिम
८ ऑक्टोबर २००६

ती. सुभाषदादा,

उर्मिलेचा नमस्कार. वहिनीच्या गुडघेदुखीला उतार पडला का? मी बरी आहे. ब्लाऊज शिवायची कामं पुन्हा येतायत.

केसचा निकाल लागला. शेजारच्या ईश्वरची फिर्याद ठाण्याच्या कोर्टाने फेटाळली. मी त्याच्या मिनलला लाडवातून काहीतरी खायला घातलं, म्हणून तिचे पाय गेले, हा त्याचा आरोप. डॉक्टरांच्या कागदात तसलं काही नाही, साक्षीदार एकही नाही. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी उलट त्यालाच झापलं, "बिनबुडाचा आरोप करून या बाईला कोर्टात फिरवलंत. तिला भरपाई का देऊ नये, ते आधी सांगा." माझे वकील रेनॉल्ड तर इतके खूश, म्हणाले, "आता मानहानीचा दावा टाकू." मला वाटलं, सुटले बाई एकदाची.

कसली सुटतेय! आधी निम्मं गाव ईश्वरलाच खुळा म्हणायचं. आता सगळ्यांची खात्री पटली, हिने करणी करून कोर्टालाही बांधलं! नळावर बायका हंडे बाजूला घेऊन मला पुढे जाऊ देतात. मला उलटून कुणी बोलत नाही. सकाळी दार उघडावं तर उंबऱ्यावर नारळ, लिंबू, कुणाकुणाचे फोटो. एका फोटोमागे लिहिलेलं, 'ही माझी जाऊ.' आधी मी हसले. मग हसू येईना.

परवा दुपारी ईश्वर आला. दाराबाहेरच बसला.

"उर्मिला, जिंकलीस तू. आता माझी पोर मोकली कर गो."

"ईश्वरभाऊ, मी काही केलेलं नाही. कोर्टाने सांगितलं ना?"

"म्हनूनच आलोय. कोर्टाचं तुझ्यापुढं चाललं न्हाय, माझं काय चालनार?"

उंबऱ्यावर डोकं आपटायला लागला. मागे त्याची बायको, तोंडात पदर कोंबून. माझ्याच्याने बघवेना. म्हटलं, "सोडली जा तुझी पोर."

काल मिनल भिंत धरून चालत माझ्या दारापर्यंत आली. पाया पडायला वाकली, तर तिच्या आईने तिला मागे ओढलं.

नव्या औषधाचा गुण असेल. मी मनाला तेच समजावतेय. रेनॉल्डना दाव्याचं नको म्हणून कळवलं. ज्या तोंडाने 'सोडली' म्हणाले, त्याच तोंडाने साहेबांपुढे 'मी काही केलं नाही' कसं म्हणू?

आणि दादा, हे लिहायचं टाळत होते. ते शब्द बोलले तेव्हा माझी मूठ उघडली आणि हातातून काहीतरी निघून गेलं. मूठ कधी वळली होती, मला माहीत नाही. मला माझीच भीती वाटते.

यंदा दिवाळीला पोरांना पाठवू नकोस. भाऊबीजेला तू एकटा ये. मी लांबूनच ओवाळीन. माझ्या हातचं काही खाऊ नकोस.

तुझी,
कोर्टाने निर्दोष ठरवलेली
उर्मिला