बोटाला न लागणारं नाव

प्रिय पप्पा,

तुम्हाला पत्र लिहायचं म्हणजे पत्ता काय घालायचा? आधी होता. चर्चमध्ये दाराशेजारच्या भिंतीवर, लढाईवर गेलेल्या मंडळींच्या नावांचा पांढरा दगड. त्यात खालच्या ओळीत तुम्ही. परवाच्या रविवारी कळलं, तो पत्ताच गेला. म्हणून लिहितोय.

मी गोव्याहून परत आलोय. त्याआधी हंपीला होतो, एकाच्या मोपेडी भाड्याने द्यायचो, त्यातली एक तर... जाऊ दे. सध्या इथल्या एचएसआर वस्तीत घरोघरी जेवणाची पार्सलं पोचवतो. आलो ते आईच्या डोळ्यांसाठी. डॉक्टर म्हणतात, गेलेली नजर परत येत नाही.

तुम्ही डोंगरावरच्या त्या लढाईत गेलात तेव्हा मी पाळण्यात होतो. तुमचा आवाज मला माहीत नाही. मला माहीत आहे ते आईचं बोट. तुमची कबर तिकडे नगरकडे, गावात. इथे तिला हा दगडच. उपासना सुटली की पदराने तुमचं नाव पुसायची आणि एकेका कोरलेल्या अक्षरावरून बोट फिरवायची. मला बाहेर वाटतात त्या केकची घाई! केक तरी कसला, मनुका शोधाव्या लागायच्या... बघा, भरकटलो.

तिच्या बोटाने तुमच्या अक्षरांतला काळा रंग पार गेला. बाकीची नावं ठळक, तुमचं पुसट. चर्चच्या पंचांना वाईट वाटलं. त्यांनी चांगल्या मनाने वर्गणी काढून नवा ग्रॅनाइट बसवला. सोनेरी छापील अक्षरं, वरून काच.

"छान दिसतंय ना, अम्मा?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"छानच असणार," आई म्हणाली, आणि तिने हात पुढे केला.

बोट काचेवर इकडून तिकडे गेलं. पुन्हा फिरलं.

"कुठंय रे?"

मी तिचं बोट तुमच्या नावावर ठेवलं. "हे काय, इथे."

"आहे?"

"आहे ना!"

"मग लागत का नाही?"

काय सांगू, पप्पा? तुम्ही सांगाल? सगळं माझ्यावर टाकून गेलात!

मग तीच हसली. "दुनियेला घरपोच बिर्याणी देतोस, आणि मला माझ्या नवऱ्याचं नाव पोचवता येईना?"

जुना दगड तरी घरी न्यावा म्हणून मी वॉचमन येसुअण्णांना गाठलं. ते मान खाली घालून म्हणाले, "काढतानाच तडकला, मगा, पोरा. तुकडे दारातल्या नव्या पायऱ्यांच्या भरावात गेले." म्हणजे त्या दिवशी आम्ही दोघं तुमच्या नावावरूनच चढून आत आलो! आईला हे सांगितलेलं नाही. सांगू का?

भांडायचं तरी कोणाशी? वाईट कोणीच वागलं नाही. काच काढली तरी खाली अक्षरं सपाटच.

मी एका गावात टिकत नाही, हे आईला पुरतं ठाऊक आहे. तरी तुम्हाला शब्द देतो. दर रविवारी मी इथे असेन. तिचं बोट धरून तुमच्या नावावरून फिरवीन, एकेक अक्षर, सावकाश. काचेवर तिला काहीच लागणार नाही. माझा हात तेवढा लागेल.

तुमचा, तुम्हाला न पाहिलेला न ऐकलेला,
संदेश