न आलेली टोपली

धुळे, ११ जानेवारी १९९७

प्रिय इंदू,
स. न. वि. वि.

तेरावं आटोपून तू जळगावला परतलीस आणि घर एकदम मोकळं झालं. काल ह्यांचं कपाट आवरताना विम्याच्या कागदांत एक पाकीट सापडलं. वर अक्षर तुझं. आत मुंबईच्या हृदयतपासणीचा अहवाल, मार्च पंचाण्णवचा. तेव्हा तुम्ही भावंडं मित्राच्या मुलाच्या लग्नाला म्हणून गेला होतात. मी ह्यांचा सिल्कचा सदरा इस्त्री करून दिला होता गं!

दरवर्षी चंपाषष्ठीला तुझी भरिताच्या वांग्यांची टोपली एसटीने यायची. ती त्या वर्षापासून बंद झाली. माझंच काही चुकलं असेल, तू रुसलीस, असं मी धरून बसले. भावाला बहिणीची उणीव भासू नये म्हणून बाजारातून वांगी आणली आणि दोन्ही वर्षं भरितावर तेल दुप्पट सोडलं. हे बोटं चाटत जेवले. इंदू, मीच मारलं का त्यांना?

उत्तर लगेच दे. माया पातळ झाली नसेल तर खरं लिही.

तुझी,
मंदा

जळगाव, १६ जानेवारी १९९७

प्रिय मंदावहिनी,
सा. न. वि. वि.

नानांनी गळ्याची शपथ घातली होती. मंदा घाबरेल, म्हणाले. ऑपरेशनला तयार होईनात. माझ्याने बोलवेना, म्हणून निदान तेलकट भरित तरी टळावं, यासाठी टोपली थांबवली. एवढंच सुचलं.

पण तू मारलं नाहीस. तीस वर्षं मी लॅबमध्ये हेच पाहत आले. सिगारेटचा धूर, वाढलेला रक्तदाब यांनी रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशी वर्षानुवर्षं त्रासतात. त्रासलेली पेशी आसपासच्यांना तसं कळवते. मग अस्तरात शिरलेली चरबी साफ करायला दुसऱ्या पेशी येतात, ती खाऊन खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात. मेलेल्यांना उचलणारं कमी पडलं की राडा साठतो, त्यावर चुना धरतो, नळी कडक होते. हे दोन हिवाळ्यांत होत नाही. नाना विशीपासून ओढत होते.

रागव, पण बोलणं टाकू नकोस.

तुझीच,
इंदिरा

धुळे, २३ जानेवारी १९९७

प्रिय इंदू,
स. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. शाळेत सिस्टर म्हणायच्या, मंदाला उशिरा कळतं, पण कळलं की पक्कं. तेलाचा भार तू उतरवलास, उपकार आहेत. तो भार मी दहा दिवस वाहिला, हेही लक्षात ठेव.

ह्यांच्यावर चिडू कशी? फोटोला हार घातलाय. तुझ्यावर मात्र चिडता येतं. एका बाकावर बसलेल्या मैत्रिणीला मी हौसेने नणंद करून घेतलं. तूच लिहितेस, त्रासलेली पेशीसुद्धा शेजारणीला कळवते. तिला शपथ घालणारं कोणी नसावं. मला कळलं असतं तर ह्यांच्यापुढे बसून रडले असते, भांडले असते, हाताला धरून ऑपरेशनला नेलं असतं. ऐकलं नसतंच, तर ती दोन वर्षं निदान जाणून जगले असते.

दिवाळीपासून जिना चढताना माझ्याही छातीत भरून येतं. सोमवारी तपासून घेतलं. काल रिपोर्ट आला. काय आलं ते मुलाला फोन करून सांगितलं, शेजारच्या बेबाबाईंना सांगितलं, भांडीवाल्या भिकुबाईलाही सांगितलं. तुला सांगणार नाही.

मुलांना आशीर्वाद. तुझ्यावरचा जीव आहे तसाच आहे, हीच पंचाईत आहे.

मंदा