काठीखालचा माणूस

१२ एप्रिल २०२४

डिस्कचं मशीन मेलं! सोळा वर्षं चाललं, आणि मरायचं ते जोतिबाच्या यात्रेच्या तोंडावर. दरवर्षी यात्रेआधी ती जुन्या यात्रेची डिस्क लावते मी. मालकांनीच आणलेली, डोंगरावरच्या दुकानातनं. "यात मी हाय, शोध बघू," म्हणाले. देवाची उंच सासनकाठी कमरेच्या पट्ट्यावर पेलून नाचवणारा एकजण — गुलालात सगळे एकसारखे गुलाबी, तरी मी लगेच बोट ठेवलं. हे नुसते हसले.

हे जाऊन नऊ वर्षं झाली. दुसरं हलतं-चालतं काही न्हाय. आधारकार्डाचा फोटो हाय, त्यात हे चोर दिसतात.

१५ एप्रिल

नात निशिगंधानं लॅपटॉपवर लावली. पडदा काळा! डिस्कला म्हणे कुलूप हाय.

दोघी शाहूपुरीत मुनव्वरच्या कॉम्प्युटर दुकानात गेलो. "आक्का, कुलूप कंपनीचं. ते फोडणारं सॉफ्टवेअर मी टाकणार न्हाय. कायद्यात बसत न्हाय."

"कपाट विकलं आणि किल्ली ठेवून घेतली व्हय? ही कुठली दुकानदारी!"

निशिगंधा तणतणली, "काका, आपलीच डिस्क आपण बघायची. चोरी कसली?"

"उघडणारा नुसता बघून गप बसतोय व्हय? नकला काढून विकतोय. माझ्या भावाचं डिस्कचं दुकान त्यातच बसलं."

खोटं बोलत नव्हता. म्हणून जास्त राग आला.

१८ एप्रिल

कंपनीला विचारा, मुनव्वर म्हणाला होता. डिस्कवरचा नंबर लावला. तिथं आता पनीर विकतात!

२० एप्रिल

आमचा माणूस गोड बोलणारा नव्हता. "चिमणे, मीठ इसरलीस" — संपलं बोलणं. डाव्या हाताची करंगळी लग्नाआधीच गुऱ्हाळाच्या चरकात गेलेली, तरी काठीला हात लावल्याशिवाय राहायचे न्हाईत.

आज आमटीत मीठ विसरले. कोण बोललं न्हाय.

२२ एप्रिल

निशिगंधानं ते सॉफ्टवेअर घेतलंच. लोकांनी लिहून फुकट वाटलेलं. मुनव्वरला कळलं तर कळू दे!

"आज्जी, यात चित्र थांबवता येतं, मोठं करता येतं. उद्या आजोबा नीट दाखवते."

मशीनचा रिमोट पहिल्याच वर्षी हरवला. इतकी वर्षं हे पडद्यावर आले न् गेले, कधी थांबलेच न्हाईत.

२३ एप्रिल

पोरीनं चित्र थांबवलं. काठीवरचे हात मोठे केले. डाव्या हाताला पाच बोटं.

तिला न्हाय सांगितलं. "आजोबा काय रुबाबदार गं," म्हणून डोळे पुसत होती.

परत लाव म्हटलं. थांबवू नकोस.