बत्तीस अंशांवरचा उंचवटा

ती. मामांना,

साष्टांग नमस्कार. तो टेबलाखालून घालतो आहे असं समजा, कारण सध्या मला तिथेच लपून बसावंसं वाटतं. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? (माझं विचारू नका. पोट सुटलंय एवढंच लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.)

आमच्या यंत्राबद्दल सर तुम्हांला लिहीत असतातच. (शाळेत तुमच्या बाकावर बसणाऱ्या मित्राकडे शब्द टाकून तुम्हीच मला इथे चिकटवलंत, तेव्हा या प्रकरणात तुमचाही हात आहे.) तरी थोडक्यात सांगतो. अणुभट्टीच्या भिंतीला एक भोक आहे, त्यातून न्यूट्रॉन येतात, समोरच्या स्फटिकावर आपटतात आणि वळतात. कोणत्या कोनात किती वळले ते मोजायचं. मोजणारी नळी मेणाने भरलेल्या पिंपात, पिंप लोखंडी दांड्यावर, आणि दांडा ढकलायला मी. पाव अंश ढकला, दहा मिनिटं मोजा, वहीत लिहा, पुन्हा ढकला. सरांनी भंगारातली चाकं जोडून तीन वर्षांत हे उभं केलंय.

गेल्या महिन्यात बत्तीस अंशांपाशी आकडे अचानक चढले. आलेखावर छान उंचवटा! चार वेळा मोजलं, चारही वेळा हजर. गणितात तो कुठेच बसेना, म्हणजे नवीनच काहीतरी. सरांनी माझी पाठ इतकी थोपटली की माझा चष्मा खाली पडला. सोमवारी परिषदेत ते हाच उंचवटा दाखवणार आहेत, आणि त्याखाली माझं नाव.

आणि मामा, परवा मी बत्तीस अंशांवर मोजणी लावून चहाला गेलो. परत येऊन बघतो तर आकडा साधाच. पोटात गोळा आला. (हो, त्याच पोटात.) स्टुलावर बसलो, आकडा चढला. उठलो, उतरला. होतं असं की बत्तिसाजवळ दांडा माझ्या बसायच्या जागेवरच येतो, म्हणून तेवढ्यापुरतं मी स्टूल उचलून नळीमागे भिंतीशी नेतो. तिथे भिंतीला आणखी एक, झाकण लावून बंद केलेलं भोक आहे; त्याच्या झाकणातून थोडे न्यूट्रॉन झिरपतात, माझ्यावर आपटतात आणि नळीत शिरतात. (अंगावर किती किरणं पडली ते दाखवणारी छातीवरची फिल्म तपासून घेतली, धोक्याचं काही नाही, हे मामींना आधी सांगा.) माणूस म्हणजे बरंचसं पाणीच, म्हणून खात्रीसाठी स्टुलावर पाण्याची बादली ठेवली. तिचाही उंचवटा आला, पण माझ्याहून लहान. म्हणजे सोमवारी सर चारचौघांत माझं पोट दाखवणार!

सांगीन सांगीन म्हणतो, त्यांच्या दारापर्यंत जातो, आतून शीळ ऐकू येते आणि मागे फिरतो. तीन वर्षांत या माणसाला कुणी शीळ घालताना ऐकलं नव्हतं. मला फार भीती वाटतेय मामा, नोकरीची कमी आणि त्या शिळेची जास्त.

तुमचा,
घाबरलेला भाचा

ता. क. : गुडघ्याची चौकशी मनापासूनच केली, पण पत्राचं कारण वेगळं. सोमवारच्या आत सरांना हे तुम्हीच कळवा. तारेने. तुमचं ते ऐकतील.

पुन्हा ता. क. : पाकीट टाकायला निघालो तर सरांनी त्यांचंही एक हातात दिलं. पत्ता तुमचा! कशाबद्दल म्हणून विचारलं, तर चेहरा पाडून म्हणाले, "अरे, गेल्या आठवड्यात तू रजेवर होतास तेव्हा मी मोजून बघितलं. बत्तिसाला काहीच नाही. तू इतका खुशीत, मला सांगवेना. म्हटलं, तुझ्या मामालाच सांगायला लावू." (ते उभ्यानेच मोजतात, लांबून. आणि मला संशय येऊ नये म्हणून माझी चाहूल लागली की मुद्दाम शीळ घालायचे.) मग मी बादली आणून दाखवली. सर तिला बाजूला ठेवून स्वतः स्टुलावर बसले आणि पोट धरून हसले. सोमवारी आता झाकणाच्या गळतीवर आणि बादलीवरच बोलायचं ठरलंय, बाकीच्यांची तरी फसगत टळेल. सरांचा आकडा मात्र माझ्याहून बराच मोठा आला. तो कुणालाही सांगायचा नाही अशी त्यांनी शपथ घातलीय, म्हणून फक्त तुम्हांला कळवतो.