आधीच धुतलेले पाय

आई, परवा कापड्याला जाऊन आलो. भाताची लावणी संपत आलीय तिकडे. तू असतीस तर चहाच्या आधी विचारलं असतंस, बायकांच्या पायांना चिखल्या झाल्यात का? झाल्यात, दरवर्षीसारख्याच. दिवस दिवस चिखलात उभं राहिल्यावर बोटांच्या बेचक्या कुजायच्याच. महाडच्या दुकानांतून गमबूट टांगलेले असतात, पण ते घालून लावणी होते होय? तुला जाऊन वीस वर्षं होत आली, तरी तुझ्याशी वाद घालायची माझी सवय काही गेलेली नाही. आज मात्र वाद हरल्याचं सांगायला बसलोय.

महाडच्या आपल्या ख्रिस्ती मंडळीचा मी पाळक झालो ते तू पाहिलंस. शिष्य घडवायचा माझा वर्ग मात्र तुझ्यानंतरचा. छापील पुस्तिका, बारा धडे, हजेरी, शेवटी प्रमाणपत्र. लोक यायचे, वचनं घडाघडा म्हणून दाखवायचे, प्रमाणपत्राला चौकट करून भिंतीवर लावायचे आणि मग थेट नाताळला उगवायचे. मी चिडायचो, पुढच्या वर्षी धडे वाढवायचो. गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी मी बाराजणांचे पाय धुतो, प्रभूने शिष्यांचे धुतले तसे. गंमत म्हणजे सगळे घरूनच पाय घासून, नखं कापून येतात. एक आजोबा तर पावडर लावून येतात. पाळकसाहेबांना अवघड वाटायला नको ना! घमेल्यातलं पाणी शेवटपर्यंत नितळ राहतं, आणि मी इतकी वर्षं त्यावर खूश होतो, काय नीटनेटकी आपली मंडळी म्हणून. यंदा वर्गाला चौघंच उरले. मंडळीचे पंच म्हणाले, पाळकसाहेब, नव्याने विचार करा, नाहीतर वर्ग बंद करू. मला ते फार लागलं. खोटं कशाला बोलू, रात्रभर तळमळलो.

तेव्हापासून मला तुझी कापड्याची पडवी आठवते आहे. तू पोलादपूरच्या दवाखान्यातली नर्सबाई. लावणीच्या दिवसांत ड्यूटी संपली की शेवटच्या आधीची एसटी पकडून कापड्याला जायचीस. पिशवीत पोटॅशची पुडी, जांभळ्या औषधाची बाटली, जुन्या साड्यांच्या चिंध्या. त्या वर्षी मी बायबल कॉलेजातून सुट्टीवर आलेलो, अंगात नवा कडक शर्ट, काखोटीला सुवार्तेची पत्रकं. तू पडवीत पाटावर बसलीयस. समोर कोमट पाण्याचं घमेलं, त्यात एका बाईचा पाय, आणि तू बेचक्यांतला चिखल बोटाने हलकेच काढतेयस. बायका रांगेने बसल्यात, सासवांची उणीदुणी काढतायत, तूही हसतेयस. मी त्यांच्या ओल्या हातांत पत्रकं कोंबत फिरतोय. तू मान वर करून म्हणालीस, "ठेव ते कागद. खाली बस आणि दुसरा पाय धर." मी बसलो नाही. खांबाला टेकून उभा राहिलो.

परतताना एसटीच्या थांब्यावर मी तुला काय काय बोललो! इतकी वर्षं यांचे पाय धुतेस, एकीला तरी प्रभूविषयी नीट सांगितलंस का, एक तरी शिष्य केलास का, अशाने देवाचं राज्य यायचं आहे का. तू पिशवीतून केळं काढून मला दिलंस. मग एवढंच म्हणालीस, "अरे, त्यांच्या पायांची आग होतेय. ती तर आधी निवू दे." त्यानंतर तू मला कधीच कापड्याला चल म्हणाली नाहीस. मीही विचारलं नाही. तू एकटीच जात राहिलीस, गुडघे दुखायला लागले तरी.

मागच्या आठवड्यात महाडच्या बाजारात भाजी घेताना विकणारी बाई माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "तुमी नर्सबाईंचे नाय काय? नाक तसाच हाय." ती कापड्याची सून निघाली. तिच्याकडून कळलं की तिची सासू अजून लावणीत गावातल्या बायकांना पडवीत बसवून पाय धुते, पोटॅश घालून, चिंध्या उकळून घेऊन, अगदी तुझ्यासारखं. मी कोथिंबीर तिथेच विसरून आलो.

म्हणून परवा गेलो. पडवी तीच, वर पत्रे नवे. म्हातारीने ओळखलं, पण ऊठबस केली नाही, तिच्या हातात एक पाय होता. तिच्या देव्हाऱ्यात तिचे देव आहेत आणि ती ख्रिस्ती झालेली नाही, होणारही नाही. मी विचारलं, हे अजून का करता? "बाय गेली म्हणून पाय कुजायचे थांबतात काय रे?" म्हणाली, आणि घमेलं थोडं माझ्याकडे सरकवलं. मी पँट दुमडून खाली बसलो. पाय हातात घेतला तर काय करायचं तेच कळेना. माझ्या वाट्याला आजवर आधीच धुतलेले पाय आले होते, आई. म्हातारी म्हणाली, "असा नाय. बोटांच्या मधी, हलक्या हातानी. तुज्या आयशीनी शिकवला नाय तुला?" पाणी बघता बघता काळं झालं.

पंचांना मी सांगितलंय, पुस्तिका कपाटात ठेवू, पुढच्या लावणीला ज्याला यायचं त्याने माझ्याबरोबर कापड्याला यावं. त्यांच्यातले दोघं हो म्हणाले. सगळ्यांना मी तुझी गोष्ट सांगितली, खांबाला टेकून उभा राहिलो तेही सांगितलं. का उभा राहिलो ते नाही सांगितलं. थांब्यावर मी तुझ्याशी सुवार्तेवरून भांडलो, पण सुवार्तेचा काही संबंध नव्हता. मला त्या पायांची किळस आली होती. तुला ते तेव्हाच कळलं असणार, कारण केळं देण्याआधी तू नळावर जाऊन हात दोनदा धुतले होतेस.