पप्पांची प्रार्थना आणि समोरचा बोर्ड

३ मार्च, मंगळवार

पोलीस ह्यांना घेऊन गेले. शिडीसकट.

काल दुपारी समोरच्या बारचा मोठा बोर्ड खाली आला, तो नेमका तिथल्या वॉचमनच्या खांद्यावर. हाड मोडलं बिचाऱ्याचं. बारमालक म्हणतो, ह्यांनीच चढून बोल्ट ढिले केले. हे पेंटर, त्यामुळे शिडी घरचीच. आणि परवा बोर्डशेजारच्या खांबाला आमचं ‘दारू सोडा, प्रभूकडे या’ लिहिलेलं कापड बांधताना कोणीतरी ह्यांचा फोटो काढलेला.

त्यात पप्पा. म्हणजे माझे सासरे. आमची मुलगी जन्मली तेव्हापासून रोज संध्याकाळी मंडळी घेऊन बारसमोर उभे राहतात. गाणी, मग प्रार्थना, आणि शेवटी दरवेळी एकच मागणं — प्रभू, हा बोर्ड खाली आण. माईक नसतो, तरी रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू जातं. म्हणजे सगळ्यांनी ऐकलेलंच आहे.

हे जाताना म्हणाले, “घाबरू नकोस, उद्या येतो.” मुलीला ताप होता.

५ मार्च, गुरुवार

जामीन नाही मिळाला. पप्पांमुळे!

वकीलबाईंनी बजावलेलं, विचारतील तेवढंच बोला. समोरच्या वकिलाने विचारलं, “बोर्ड पडला त्यात तुमचा काही हात?” दुसरा कोणी ‘नाही’ म्हणून मोकळा झाला असता. पप्पा म्हणाले, “हात देवाचा. पण मागितलं आम्ही. मी मागितलं, माझ्या मुलानेही मागितलं. नाही कसं म्हणू?”

तो वकील हसत न्यायाधीशांकडे वळला. “साहेब, ही तर कबुलीच झाली.”

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. बाहेर आल्यावर विचारलं, “बाबा, तुम्ही माझ्या बाजूने आहात ना?”

“मी प्रभूच्या बाजूने, बाई.”

“मग वकीलपत्र त्यालाच द्यायचं होतं.”

पप्पांना ते पटलं बहुतेक. मान डोलावली त्यांनी.

६ मार्च, शुक्रवार

ताप उतरला. माझी झोप गेली ती गेलीच. डोळे मिटले की सोमवारचा तो ट्रक दिसतो.

८ मार्च, रविवार

आमच्या पुढच्या खोलीतच उपासना असते. आज माणसं मावेनात. जिन्यावर बसली, चपलांचा ढीग शेजारणीच्या दारापर्यंत. पप्पांनी साक्ष दिली — इतके महिने मागितलं, प्रभूने ऐकलं, बोर्ड पडला. आता मुलालाही तोच सोडवेल. बायका रडत होत्या. कोपऱ्यावरचा चांभार उठून म्हणाला, आजपासून एक थेंब नाही. त्याची बायको त्याच्याकडे बघतच राहिली. पप्पांचा चेहरा असा उजळलेला मी लग्न होऊन आल्यापासून पाहिला नव्हता.

आणि मला माहीत आहे काय झालं ते. सोमवारी सकाळी मी खिडकीत लंगोट वाळत घालत होते. बाटल्यांचा ट्रक मागे येता येता वरच्या टपाने बोर्डावर आदळला. मोठा आवाज झाला. ड्रायव्हर उतरला, वर बघितलं, बांबूने ढकलून बोर्ड सरळ केला आणि निघून गेला. दुपारी तोच बोर्ड पडला.

तेव्हा वाटलं, आपल्याला काय करायचंय. मग पोलीस आले, आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना. आता सांगितलं तर हे सुटतील. पण पप्पांचं काय? सातवी शिकलेली सून उठून सांगणार की चमत्कार नव्हता, ट्रक होता? आमच्याकडे उपासनेत बायका गातात. बोलत नाहीत.

९ मार्च, सोमवार

मम्मींना सांगितलं. सासूबाईंना. त्या चादरीची घडी घालत होत्या, एक टोक माझ्या हातात. त्या थांबल्याच.

“तुझ्या सासऱ्यांना उभ्या आयुष्यात पहिल्यांदा देवाने इतकं झटपट उत्तर दिलंय. ते तू ट्रकखाली घालणार?”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यांनी चादर ओढून घेतली, घडी पुरी केली. “घाल. माझा मुलगा आत आहे.”

मग म्हणाल्या, “पण त्यांना सांगायला मला पाठवू नकोस. माझी नाही बाई हिंमत.”

११ मार्च, बुधवार

वकीलबाईंकडे गेले. सगळं ऐकून त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि हसायलाच लागल्या. “अगं, इतके दिवस कुठे होतीस?” मी म्हटलं, घरीच. सोमवारी कोर्टात हेच सांगायचं, म्हणाल्या. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही.

परत येताना बारचा एक माणूस आमच्या जिन्यात उभा. याआधी कधी नव्हता. मुलीच्या गालाला बोट लावलं.

“गोड आहे हो. ताई, खिडकीत फार उभं राहू नका हिला घेऊन. वारा लागतो.”

वर येऊन कडी लावली. दिवसभर खिडकी उघडली नाही.

मग लंगोट ओले राहिले. उघडावीच लागली.

१४ मार्च, शनिवार

पप्पांना सांगायचं म्हणून त्यांच्या खोलीत गेले. ते गुडघ्यावर होते. ह्यांचं नाव घेऊन रडत होते. तशीच परत आले.

१६ मार्च, सोमवार

सांगितलं.

शिपायाने पुस्तक पुढे धरलं, मी त्यावर हात ठेवला. मी खालीच बघत बोलले. ट्रक, टप, ड्रायव्हर, बांबू. पप्पा समोरच्या बाकावर होते. तिकडे बघितलंच नाही.

समोरचा वकील म्हणाला, “सासरे म्हणतात देवाने पाडला. सून म्हणते ट्रकने. तुमच्या घरात खोटं कोण बोलतंय?”

वकीलबाई उठायला लागल्या. पण मीच बोलून गेले. “कोणीच नाही. पप्पांनी मागितलं ते खरं. मी पाहिलं तेही खरं. पप्पा खिडकीत नव्हते.”

कोणीतरी हसलं. न्यायाधीश नाही हसले. त्यांनी विचारलं, “इतके दिवस गप्प का होतात?”

“भीती वाटत होती.”

“आता नाही वाटत?”

“वाटते, साहेब.”

त्यांनी बारमालकाला विचारलं, ट्रक कोणाचा. तो वकिलाकडे बघायला लागला. पोलीस जाऊन ट्रक बघून आले. टपावर खरचटलेलं, आणि त्यात बोर्डाचा लाल रंग. दुपारी जामीन झाला. वकीलबाई म्हणाल्या, आता ही केस टिकत नाही.

घरी येताना पप्पा पुढे चालत होते. एकटेच.

१७ मार्च, मंगळवार

हे घरी आले! बारीक झालेत. मुलगी आधी दाढीला घाबरली, मग तीच ओढत बसली. शिडी अजून पोलिसांकडेच. हे म्हणाले, “मला सोडलं, तिला नाही. तिला वकील नव्हता ना.” किती दिवसांनी हसले मी.

पप्पा जेवले आणि आत गेले.

२० मार्च, शुक्रवार

पप्पा संध्याकाळी बारसमोर गेले नाहीत. मंडळी येऊन परत गेली. मम्मी म्हणाल्या, राहू दे त्यांना. मी केलं ते बरोबर केलं. तरी ताटावरून तशीच उठले.

२२ मार्च, रविवार

पप्पांनी उभं राहून सगळ्यांना सांगितलं — बोर्ड ट्रकने पाडला, माझ्या सुनेने पाहिलंय. दोघंजण उठून गेले. चांभार बसून राहिला. मग पप्पा गुडघ्यावर आले. “प्रभू, बोर्डासाठी मी रोज मागत होतो. ही पोर बोलू लागावी म्हणून एकदाही मागितलं नाही.” त्यांनी डोळे पुसले. “ते तू आपणहून दिलंस.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “ऊठ बाळा. आज तू बोल.”