गाठीत बांधलेलं जांभूळ

१४ मे ९६, मंगळ.
काल संध्याकाळी आंधी आली नि अंगणातलं जांभूळ आडवं झालं. संडासाचा पत्रा गेला, भिंत वाचली. आत कुणी नव्हतं हे नशीब. झाड मुद्दाम लावलेलं नव्हतंच. ह्यांनी दारापुढच्या ओटल्यावर बसून थुंकलेल्या आठळीचं उगवलं. हे कधीच गेले, झाड आत्ता.
दिनू सकाळी खोड ओलांडून डबा घेऊन मिलच्या गेटावर गेला. मिल बंद होऊन हा दुसरा उन्हाळा. गेटाला कुलूप, कुलपाला गंज, तरी पहिल्या पाळीच्या वेळेला हा हजर. तिथे चार टाळकी बसतात, युनियनच्या गोष्टी करतात, डबा खाऊन घरी येतात. मी डबा भरते. न भरून काय करू, पोटचा आहे.

१६ मे, गुरु.
लाकडाच्या वखारीतला टालवाला आला. "अम्मा, जलाऊ के भाव दे दो." म्हटलं, जळाऊ तू हो. शैला हसली. सून आहे पण हसण्यात कंजुषी नाही.
शैला फॉल-पिको करते. अन्नपूर्णेच्या देवळाकडे पुण्याचं जोडपं राहायला आलंय, आपटे. तो पीथमपुरात इंजिनियर. बायकोला जेवायचं टेबल हवंय, एकाच रुंद फळीचं, जोड नको. शैला तिला बोलून आली, आमच्याकडे झाड आहे, आमचे हे करून देतील. मला न विचारता. बरं केलं. तोंडावर नाही सांगितलं.
दिनू म्हणतो, "मला लाकडातलं काय येतं? मी गाठी बांधणारा माणूस." मिलच्या गाठखात्यात होता. कापडाची थानं रचायची, वरून लोखंडी पट्ट्या अशा आवळायच्या की आत सुरी शिरू नये. त्यात नाव होतं त्याचं.
म्हटलं, तू व्हायच्या आधी मला तरी पोर वाढवता कुठे येत होतं.

३ जून, सोम.
हनीफ मिस्त्रीच्या आरा मशीनवर खोड नेलं. हातठेल्यामागे मीपण गेले. लाकूड चिरताना घरचं माणूस पाहिजे.
आमच्या सासूबाईंची रीत होती, घरात ताप आला की जांभळात खिळा ठोकायचा. दुखणं झाडाला द्यायचं. हनीफला मी आधीच सांगितलं, बुडाकडे खिळे आहेत. दिसले तेवढे त्यानं उपटले. झाडानं गिळलेले कसे दिसणार? आरा किंचाळला, ठिणग्या, दात गेले.
"अम्मा, पेड़ था कि कबाड़ी की दुकान?"
"बच्चे पल गए उस पे. तू चीर."
फळी उलटली. प्रत्येक खिळ्याभोवती निळं-काळं, रेषेरेषेनं वर चढलेलं, चिमणीच्या काजळीसारखं. दि. म्हणाला, "आई, झाड आजारी होतं का?" म्हटलं, आजारी तू होतास. हा मुदतीच्या तापाचा, हा गोवराचा असेल. त्यावरून तो बोट फिरवत राहिला.
सासूबाई बुटक्या. त्यांचा हात पोचायचा त्याच्या वरचं लाकूड साफ निघालं, एक खिळा जरा उंचावर होता तेवढा सोडून. तीन फळ्या, मध्ये तांबूस, कडेला फिकट. आपटेंना त्याच. खिळ्यांची घरी ओटल्यावर.

६ जून, गुरु.
हनीफनं बजावलं होतं, "हवा लगने देना, भिया." दि. म्हणतो, हवा लागली तर वाकतील. घरात मिलच्या पट्ट्या पडलेल्या. फळीवर फळी, पट्ट्या आवळल्या, वरून मेणकापड. शिक्का मारायचा तेवढा राहिला. मिल बंद झाल्यापासून पहिल्यांदा शीळ घालत होता. गाठ खरंच देखणी झाली. शैलाला दोनदा बोलावून दाखवली.

७ जुलै, रवि.
आठवडाभर पाऊस. आज मेणकापडाखालून आंबूस वास. दि.ने पट्ट्या कापल्या. वरच्या नि खालच्या फळीवर जिथे पट्टी होती तिथे काळे पट्टे, डांबर ओढल्यासारखे. मधली राखाडी, शिळ्या भाकरीवर चढते तशी बुरशी.
डबा उचलून गेटावर गेला. रविवारी! रविवारी तिथे कुत्रंपण नसतं.

९ जुलै, मंगळ.
शैला रडकुंडीला. आपटेंना काय सांगू म्हणते. म्हटलं, काही सांगू नको, गप फॉल लाव.
काळा पट्टा बघत बसले. ओळखीचा वाटला. लोखंडी कढईत आवळा टाकला की अस्सा होतो. जांभूळही तुरटच की. हे रंगखात्यात होते. हिरड्याच्या पाण्यात गंजाचं पाणी पडलं की कापड काळं, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षी समजावून सांगत होते. तेव्हा वाटलं, ह्या माणसाला बायकोशी बोलायला दुसरं काही सुचत नाही का.
त्या फळीच्या काळ्या ढलपीवर लिंबू घासलं, पितळेला घासते तसं. काळं उतरलं. पुरतं नाही. ढलपी दि.च्या ताटात ठेवली.
"हे काय?"
"चटणी."
उलटसुलट करून खिशात टाकली. जेवला नीट.

२१ जुलै, रवि.
फळ्या परत हनीफच्या शेडमध्ये. आता मध्ये सुक्या लाकडी पट्ट्या, हवा आरपार. हनीफ म्हणे, "अब की बार पार्सल मत बनाना." दि. हसला. हसला!
रात्री शैलाला शिकवत होता. पट्टीचं काळं वरवरचं, लिंबानं जातं. बुरशी रंध्यानं निघते, पण कडेच्या फिकट लाकडात राखाडी आत मुरते, ती ना लिंबानं जात ना रंध्यानं. तांबूस लाकडाला ती धरत नाही. खिळ्याचं निळं मात्र जन्माचं. शैला म्हणाली, मग कडा कापा ना. तो म्हणाला, कापल्या तर रुंदी जाते.
हनीफकडे जातो तेव्हा घरी जेवायला येतो, जवळच आहे. गेटावर जातो तेव्हा डबा. या हप्त्यात डबा कमी लागला. मी मोजत नाही, पण डबा मीच घासते.

११ ऑगस्ट, रवि.
यंदा लिंबाचं लोणचं नाही. फळ्यांनी खाल्लं.
आपटेबाई परवा ब्लाउज न्यायला घरी आली. म्हणते, "आजी, तुमचं मराठी किती गोड आहे." लहान पोराला म्हणतात तसं. मी म्हटलं, इथल्या भिया-भिया करणाऱ्या लोकांत राहून झालंय, चालवून घ्या. मग म्हणाली, "टेबलावर डाग मात्र नको हं." म्हटलं, तुमच्या गालावर तीळ आहे, शोभतो की. लाजली. पण हो म्हणाली नाही. नवऱ्याला घेऊन बघायला येणार.
दि. आतून ऐकत होता. दोन दिवस परत डबा.

१३ सप्टें., शुक्र.
निरोप आलाय. सोमवारी सकाळी सगळ्यांनी गेटावर यायचं, मिल चालू करायची बोलणी आहेत म्हणे. असे निरोप आधीपण आले.
आपटे सोमवारीच सकाळी हनीफकडे फळ्या बघायला येणार. दि. दोन्हीकडे हो म्हणून आला.
शैला म्हणाली, "एकीकडे तरी नाही म्हणा."
"मिल उघडली नि मी नसलो तर?"
शैला मशीनवर जाऊन बसली.

१५ सप्टें., रवि.
वरच्या फळीचा एक पट्टा अजून हटत नाही. शैलानं लिंबांची टोपली भरून आणली.
संध्याकाळी दि. ओटल्यावर खिळ्यांच्या फळीपाशी बसला.
"आई, हा सगळ्यात उंच कुणाचा?"
"तुझाच."
"आजीचा हात इथवर कसा पोचला?"
"तो तुझ्या बाबांनी ठोकला. एरवी आजीला हसायचे. त्या रात्री तू डोळे फिरवलेस. मग कसलं हसतात."
त्यानं फळीवर हात ठेवला. मी उठले, दिवाबत्ती व्हायची होती.

१६ सप्टें., सोम.
पहाटे डबा भरला. पोळ्या, दोडक्याची भाजी, वर मिरचीचा ठेचा. अंघोळ करून आले तर दि. निघून गेलेला. डबा ओट्यावर तसाच.
शैला म्हणते, घाईत विसरले असतील, गेटावर पोचवू का?
काल भरून आणलेल्या टोपलीकडे बघितलं. लिंबू एक नाही.
म्हटलं, बस, मशीन चालव.
ऊन अंगणात आलं, झाड नाही तर थेट चुलीपर्यंत येतं आता. आपटे आले की नाही, आले तर काय बोलले, काही पत्ता नाही. मिलचा भोंगापण वाजला नाही. डब्यातली भाजी परत पातेल्यात काढली. आला की गरम करायची.